आजीच्या पैठणीचा पदर केकवर उतरवताना

पैठणीचा केक फसतो तो बहुधा मोर गुळगुळीत काढल्यामुळे. पैठणीची नक्षी वरून भरलेली नसते; बाण्याचे रंगीत धागे एकमेकांत अडकवून ती विणलेली असते. म्हणून मोराची मान जवळून पायऱ्यापायऱ्यांची दिसते. त्या पायऱ्या राखल्या, की घरचे साडी लगेच ओळखतात.

साडी दिवसाउजेडी पसरून पदराचा फोटो घ्या. ओट्याजवळ मात्र ती नेऊच नका. ५ मिलिमीटर घरांच्या आलेख कागदावर एकच नक्षी उतरवा: बांगडीमोर (बांगडीच्या गोलातला मोर), मुनिया (पोपट) किंवा अजिंठ्याचं कमळ. तिन्ही कोंबल्या तर गिचमिड होते.

८ इंची केकसाठी ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, २५० ग्रॅम मैदा, ११५ ग्रॅम लोणी, २२० मिली दूध, १ चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा. १७० अंशांवर ४० मिनिटं. पूर्ण गार झाल्यावर गनाश लावा: २ भाग डार्क चॉकलेट, १ भाग क्रीम. मराठवाड्याच्या मे महिन्यात अडीचास एक घ्या. फाँडंट म्हणजे लाटून केकवर घालायचा साखरेचा गोळा; त्याच्याखाली बटरक्रीम नकोच. चाळिशीच्या उन्हाळ्यात ते घसरतं आणि काठ फाटतात.

७०० ग्रॅम फाँडंटमध्ये जांभळा जेल रंग आदल्या रात्री मळा, मुरल्यावर तो गडद होतो. ३ मिलिमीटर जाड लाटून केक झाका. जांभळा केक उन्हात ठेवला तर निळा पडतो, कारण त्यातली लाली आधी उडते. धूपछाँवसाठी, म्हणजे साडीसारखी दोन रंगांची झाक येण्यासाठी, जांभळ्यावर कोरड्या ब्रशने लाल लस्टर डस्ट (चमकदार पावडर) फिरवा.

पदरासाठी २५० ग्रॅम फाँडंटमध्ये अर्धा चमचा सीएमसी (फाँडंट घट्ट करणारी पावडर) मळून ४ बाय ११ इंचांची पट्टी कापा. तिच्यावर कागद ठेवून घरांचे कोपरे टाचणीने टोचा, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. पट्टी मऊ असतानाच केकवर टाका: ८ इंच माथ्यावर, ३ इंच समोर लोंबती. उशीर झाला तर वळणावर तडा जातो. आता सोनेरी पावडर व्होडकात कालवून पातळ हात द्या. पाणी वापरलं तर साखर विरघळून सोनेरी जर चिकट होते. वीस मिनिटांनी ठिपक्यांच्या आधारे नक्षी भरा, शेवटी कडेला नारळी काठाचे त्रिकोण. पावडरच्या डबीवर ‘खाण्यायोग्य’ असं लिहिलेलं हवं. नुसतं ‘नॉन-टॉक्सिक’ म्हणजे खाण्याची नव्हे.

फ्रिजमधून काढल्यावर केकला घाम फुटतो. पुसू नका, रंग ओघळेल. पंख्याखाली ठेवा, तो आपोआप सुकतो.