इन्क्लाइन डंबेल प्रेस: आधी बेंचची पाठ बघा

इन्क्लाइनवर, म्हणजे पाठ तिरकी उचललेल्या बेंचवर टेकून डंबेल वर ढकलत छाती मारताना (छातीचा व्यायाम करताना) खांदेच भरून येत असतील, तर वजन बदलण्याआधी बेंचची पाठ बघा. ती साधारण 30 अंशांवर हवी. 45 च्या पुढे गेली की छातीचा वरचा भाग बाजूला राहतो आणि भार खांद्याच्या पुढच्या स्नायूवर जातो. मी वर्षभर तसंच मारत होतो.

डंबेल मांड्यांवर उभे ठेवून बसा, मागे टेकताना एकेका गुडघ्याने वर ढकला. मग खांद्याची पाती मागे-खाली ओढून बेंचला चिकटवा. सेट संपेपर्यंत ती सुटू द्यायची नाहीत, खरी मेख इथेच आहे. कोपरं खांद्याच्या रेषेत फाकवू नका; अंगापासून 45 ते 60 अंशांवर ठेवा. मनगट सरळ, कोपराच्या बरोब्बर वर. खाली येताना दोन-तीन सेकंद घ्या, छातीला ताण बसला की वर.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो, रेक्झिनवर घामाने पाठ सरकते आणि पाती सुटतात. आपला सोलापुरी टॉवेल बेंचवर अंथरा, हात पुसायला एक वेगळा ठेवा. सेट झाल्यावर डंबेल बाजूला टाकू नका, खांदा ओढला जातो. मांड्यांवर आणून त्यांच्यासकट उठून बसा.