दगडी दिसण्याआधी पकडायची कशी: वाटीभर दुधाची पंधरवड्याची चाचणी

सडातून गाठी यायला लागल्या, कास तापली, हात लावला की म्हस लाथ उडवते, म्हणजे दगडी झाली. एवढं कोल्हापूर भागातल्या कुठल्याही गोठ्यात लहान पोरगंही सांगेल. नुकसान मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. त्या दिवसांत दूध पांढरंशुभ्र असतं, कास मऊ असते, जनावर निवांत रवंथ करत उभं असतं. फक्त धार थोडी उतरलेली असते आणि डेअरीच्या पावतीवर एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) खाली आलेलं असतं. दोष मग पेंडीवर जातो, उसाच्या वाड्यावर जातो, हवेवर जातो. एका सडात जंतू बसलाय हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

या छुप्या दगडीला पशुवैद्यक सुप्त कासदाह म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही, पण धुण्याच्या पावडरीला कळते. कासेत जंतू शिरला की त्याच्याशी लढायला पांढऱ्या पेशी दुधात उतरतात. निरोगी सडाच्या एक मिलिलिटर दुधात त्या साधारण दोन लाखांच्या आत असतात, दगडीत पाच-दहा लाखांच्या पुढे सहज जातात. साबणाने या पेशींची आवरणं फुटतात, आतला डीएनए बाहेर येऊन एकमेकांत गुंततो आणि दूध शेंबडासारखं तार धरतं. औषधाच्या दुकानातलं सीएमटीचं (दगडी तपासायच्या कॅलिफोर्निया चाचणीचं) जांभळं द्रावणही याच तत्त्वावर चालतं. ते मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर अडत नाही.

चाचणीची तयारी

अर्धा लिटर साध्या पाण्यात १५ ग्रॅम धुण्याची पावडर, म्हणजे तीन टक्क्यांचं द्रावण. चहाच्या चमच्याने सपाट मोजून साधारण सहा चमचे होतात, पण पावडर कंपनीगणिक हलकी-जड असते. म्हणून एकदा वाण्याच्या काट्यावर १५ ग्रॅम तोलून घ्या आणि आपल्या घरचे किती चमचे भरतात ते लक्षात ठेवा. पावडर हलक्या हाताने ढवळून विरघळवा आणि फेस बसू द्या. फेसाळ द्रावणात तार दिसत नाही आणि पहिल्या वेळी बहुतेकांचं इथंच चुकतं. द्रावण दरवेळी ताजं करा.

चार सारख्या, सपाट बुडाच्या, कोरड्या वाट्या घ्या. प्रत्येकीवर नेलपेंटने खूण करा: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. डावं-उजवं जनावराचं धरायचं, धार काढणाऱ्याचं नाही. हे गोठ्यात सगळ्यांनी एकदा ठरवून घ्या, नाहीतर आज एकाने मागचा डावा लिहिला आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याने उलटा लिहिला की नोंदीचा उपयोग शून्य.

चाचणी करताना

१. जनावराने पान्हा सोडला की सड पुसून कोरडे करा. सडावरून ओघळलेलं पाणी वाटीत पडलं तर दूध पातळ होतं आणि दगडी लपते.

२. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या किंवा गडद रंगाच्या भांड्यात काढा. गाठी, पाण्यासारखं दूध, रक्ताचा धागा काळ्यावर लगेच उठून दिसतो. या धारा जमिनीवर सोडू नका आणि तळहातावर तर अजिबात घेऊ नका, कारण तोच हात पुढच्या सडाला लागणार असतो.

३. मग त्या त्या वाटीत एक चमचा दूध, तेवढंच द्रावण. प्रमाण निम्मं-निम्मं हवं. दूध जास्त झालं तर निकाल फसवा येतो.

४. वाटी हातात सपाट धरून मिनिटभर गोल गोल फिरवा. घुसळायची नाही. फिरत असतानाच बघत राहा.

दूध पाण्यासारखंच फिरत राहिलं तर सड स्वच्छ. बुडाशी बारीक तारा दिसल्या आणि फिरवता फिरवता विरून गेल्या तर शंका. दूध दाट होऊन सगळं एकदम सरकायला लागलं तर दगडी आहे. आणि अंड्याच्या पांढऱ्यासारखा गोळा मध्यभागी उभा राहिला, वाटी कलती केल्यावर एका लोळात खाली आला, तर त्या सडात बरेच दिवस जंतू मुरलाय असं समजा.

व्याल्यानंतरचा पहिला आठवडा ही चाचणी करू नका. चिकात पेशी मुळातच जास्त असतात. आटत आलेल्या जनावराच्या दुधातही त्या जास्त असतात. तिथं चारही वाट्या थोड्या थोड्या दाटतात. खरी खूण म्हणजे चारांतली एखादी वाटी वेगळी वागणं.

दुधातल्या जनावराची दर पंधरा दिवसांनी एक चाचणी पुरते. गंगावेशीत म्हशी उभ्या करून समोर धार काढून द्यायची कोल्हापूरची रीत आहे. असं धारोष्ण दूध विकणाऱ्याने मात्र आठवड्याला करावी. ते दूध ना दहा कॅनमध्ये मिसळत, ना तापत, सडातून थेट पेल्यात जातं.

निकाल लागला, आता काय?

निकाल गोठ्यातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहा: जनावराचं नाव, सड आणि निकालाची खूण (स्वच्छ, शंका, दगडी की गोळा). नुसत्या शंकेच्या सडाला लगेच औषध भरू नका. तो सड प्रत्येक वेळी पूर्ण रिकामा करा, धारेची स्वच्छता सुधारा आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा बघा. बरेच सड एवढ्यावर निवळतात. दोनदा ओळीने दाटलं किंवा एकदाच गोळा झाला तर डॉक्टरांना बोलवा, आणि औषध सुरू व्हायच्या आधी दुधाचा नमुना काढून ठेवा. कुठला जंतू आहे आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं हे नमुन्यातूनच कळतं. एक इंजेक्शन टोचल्यानंतर काढलेल्या नमुन्यात बहुधा काहीच उगवत नाही.

नमुन्यासाठी सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, बोळा काळा येईनासा होईपर्यंत. पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात काढा. निर्जंतुक बाटली आडवी धरा, म्हणजे वरून केस-धूळ पडत नाही. पाच ते दहा मिलिलिटर दूध पुरे. झाकण जमिनीवर ठेवायचं नाही. बाटलीवर सड आणि तारीख लिहून ती बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा.

दूध पिवळसर पाण्यासारखं झालं, ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, कान गार पडले, जनावर बसून राहिलं, किंवा सड निळा-काळा होऊन थंड लागला, तर उद्यावर ढकलू नका. अशा दगडीत विष रक्तात उतरतं आणि काही तासांत जनावर हातचं जातं. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री क्रमांक १९६२ आहे. डॉक्टर येईपर्यंत दर दोन-तीन तासांनी तो सड रिकामा करत राहा. दुखणं कमी व्हावं म्हणून घरातली माणसांची डायक्लोफिनॅकची गोळी देऊ नका. हे औषध दिलेलं जनावर मेलं तर ते खाऊन गिधाडं मरतात, म्हणून जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक या तशाच वेदनाशामकांवरही आली.

धार काढायची पद्धत

जंतू एका सडातून दुसऱ्यात जातो तो बहुतेक वेळा धार काढणाऱ्याच्या हाताने. तीन सवयी मोडल्या तर निम्मं काम झालं.

पहिली, अंगठा मुडपून धार काढणं. अंगठ्याचं हाड सडावर दाबलं जातं, आतलं नाजूक अस्तर चिरडतं आणि तिथंच पुढे गाठ धरते. म्हशीच्या सडाचं तोंड घट्ट असतं, जोर लागतो, म्हणून म्हशीला ही इजा जास्त. पूर्ण मुठीने, वरून खाली एकेक बोट मिटत धार काढा. सुरुवातीला मनगट भरून येतं, आठवड्यात सवय होते.

दुसरी, बोटं ओली करायला दुधाच्या फेसात बुडवणं. त्या फेसात चारही सडांचं दूध असतं. हात कोरडेच ठेवा.

तिसरी, एकच फडकं सगळ्या गोठ्याला. जुन्या सुती साडीचे वीतभर तुकडे करा, एका जनावराला एक, आणि धार झाली की उकळून उन्हात टाका. कास धुवायची तर फक्त सड धुवा, अख्खी कास भिजवू नका.

आधी निरोगी पहिलारू, मग निरोगी जुन्या, आणि दगडीचं जनावर सगळ्यात शेवटी. त्या जनावरातही निरोगी सड आधी, दुखरा मागून.

धार संपली की लगेच सड बुडवा. औषधाच्या दुकानातलं ५ टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन चार भाग, ग्लिसरीन एक भाग. बाटलीवर ‘सोल्यूशन’ लिहिलेलं हवं. ‘स्क्रब’ नको, त्यात साबण असतो आणि सडाची कातडी तडकते. छोट्या पेल्यात प्रत्येक सड निदान दोन तृतीयांश बुडला पाहिजे. पेल्यात उरलेलं औषध परत बाटलीत ओतायचं नाही. धारेनंतर रेडकू पाजायची पद्धत असेल तर ते बाजूला घेतल्यावरच बुडवा, नाहीतर औषध त्याच्या पोटात. पुढच्या धारेआधी सड पुसून घ्या.

बुडवल्यावर गव्हाणीत वैरण टाका आणि जनावर अर्धा-पाऊण तास उभं राहील असं बघा. सडाचं तोंड मिटायला तेवढा वेळ लागतो. तोंड उघडं असताना म्हस शेणमुतात बसली की सगळं मुसळ केरात. राधानगरी, गगनबावड्याच्या पावसात चार महिने गोठा ओलाच असतो. तिथं ओलं पाचट अंथरण्यापेक्षा कोरडी उघडी फरशी बरी. ओल्या पाचटात जंतू भराभर वाढतात. मूत वाहून जायला उतार द्या, दिवसातून दोनदा शेण ओढा, बसायच्या जागी आठवड्यातून एकदा चुन्याची भुकटी पसरून झाडून घ्या.

औषध भरताना आणि लेप लावताना

सडात भरायची ट्यूब डॉक्टरांनी दिली असेल तर आधी सड पूर्ण रिकामा करा. एकाहून जास्त सडांत भरायची असेल तर स्पिरिटने पुसताना लांबचे सड आधी, जवळचे नंतर. भरताना जवळचे आधी, लांबचे नंतर. म्हणजे पुसलेल्या सडाला बाही घासत नाही. नळीचं टोक फक्त तीन-चार मिलिमीटर आत घाला. पूर्ण खुपसलं तर सडाच्या तोंडाचं नैसर्गिक बूच आत ढकललं जातं, जंतूंसकट. सड अडलाय म्हणून काडी किंवा सुई घालणारे अजून भेटतात. त्या सडातून पुन्हा नीट धार येणं अवघड असतं.

दूध साफ दिसलं म्हणून दुसऱ्या दिवशी ट्यूब थांबवू नका, सांगितलेला डोस पूर्ण करा. वेष्टनावर जितके तास लिहिले असतील तितके तास चारही सडांचं दूध डेअरीला घालायचं नाही. औषध एका सडात भरलं तरी रक्तावाटे बाकीच्या तीन सडांत उतरतं. औषधाच्या दुधाला विरजण धरत नाही हे घरातल्या बाईला आधी कळतं. ते दूध रेडकालाही पाजू नका, खड्ड्यात ओता.

राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाने सुचवलेला कोरफडीचा लेप सुरुवातीच्या दगडीत डॉक्टरांच्या उपचारासोबत वापरता येतो. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, खायचा चुना १५ ग्रॅम, मिक्सरला एकजीव वाटायचं. हळदीला चुना लागला की लेप कुंकवासारखा लाल होतो. पिवळाच राहिला तर चुना कमी पडलाय. कास रिकामी करून धुवा, मूठभर लेपात १५० ते २०० मिलिलिटर पाणी घालून पूर्ण कासेला चोळा. दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. दोन वेळा लावून ‘गुण नाही’ म्हणणारेच जास्त. लेप रोज ताजा वाटायचा. प्रत्येक धारेआधी कास धुवून पुसा, लेपाचा कण दुधात जाता कामा नये.

आटवताना

व्यायच्या ६० दिवस आधी जनावर आटवायला घ्या. आटवल्यानंतरचे पहिले दोन आठवडे आणि व्यायच्या आधीचे दोन, या वेळी सडात नवा जंतू शिरण्याचा धोका सर्वांत जास्त. आटवण्याआधी एकदा वाटीची चाचणी करा. दगडी झालेल्या किंवा या वेतात होऊन गेलेल्या जनावराला शेवटची धार पूर्ण काढून डॉक्टरांच्या सल्ल्याने आटवणीची जास्त दिवस टिकणारी ट्यूब भरा. दुधात असताना न हटलेला जंतू या काळात हटण्याची शक्यता जास्त असते. खुराक कमी करा, सड आठवडाभर रोज आयोडीनमध्ये बुडवत राहा, पण ‘जरा बघू’ म्हणून पिळून बघू नका. पिळलं की बूच फुटतं. कास एका बाजूला सुजली किंवा गरम लागली तरच डॉक्टरांना दाखवा. व्याल्यावर आठव्या दिवशी पुन्हा चार वाट्या काढा आणि कॅलेंडरवर मागच्या वेताच्या खुणांशेजारी नवा निकाल लिहा.