जुन्या डेस्कटॉपला नवी रॅम चालत नाही? आधी चिप मोजा

गणपतीला मुंबईहून येणारा भाचा ४ जीबीची रॅमची स्टिक हातात ठेवतो आणि "मामा, ही लावा, मशीन पळेल" म्हणतो. लावल्यावर पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळी. मग कोणीतरी मदरबोर्ड गेला म्हणून सांगतं. बहुतेक वेळा बोर्डाला काहीही झालेलं नसतं.

१. जुन्या स्टिकवर मशीन चालू असतानाच सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर टाका. मेनबोर्डच्या पानावरून बोर्डाचं मॉडेल आणि चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप), तर एसपीडीच्या पानावरून सध्याच्या स्टिकची माहिती लिहून घ्या.

२. पिढी जुळवा. डीडीआर२ आणि डीडीआर३ या रॅमच्या दोन पिढ्या; दोन्हींना २४० पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. स्टिक बसत नसेल तर जोर लावू नका, ती तुमच्या बोर्डाची नाही. वेगाची चिंता सोडा. १६०० ची स्टिक १०६६ च्या बोर्डावर १०६६ ने चालते.

३. आता खरी भानगड. खेडपासून सावंतवाडीपर्यंत झेरॉक्सच्या दुकानांत आणि फोटो स्टुडिओत इंटेलच्या जी४१ चिपसेटची मशीन अजून राबताना दिसतात. मीही सर्वांत जास्त डोकं याच चिपसेटवर फोडलंय. जी४१ च्या डीडीआर३ बोर्डाला दोन स्लॉटमध्ये मिळून ८ जीबी चालते, म्हणजे एका स्लॉटमध्ये ४ जीबी. दुकानदारही तेच सांगतो, आणि ते खरंच आहे. पण कुठलीही ४ जीबी नाही!

स्टिकवरच्या काळ्या चिप मोजा. जुन्या घडणीच्या ४ जीबी स्टिकवर एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ, अशा सोळा असतात. प्रत्येक चिप २ गिगाबिटची. नंतर ४ गिगाबिटच्या चिप आल्या आणि तेवढ्याच रॅमला आठ पुरू लागल्या. जी४१ च्या मेमरी कंट्रोलरला ही मोठी चिप पूर्ण वाचताच येत नाही. मग मशीन एकतर सुरूच होत नाही, नाहीतर ४ च्या जागी २ जीबी दाखवतं. "बायोस अपडेट करा", म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर नवं टाका, हा सल्ला इथे कुचकामी, कारण मर्यादा चिपसेटचीच आहे. शिवाय अपडेट चालू असताना लाईट गेली तर धड असलेला बोर्डही हातचा जाईल. पावसाळ्यात आपल्याकडे लाईटचा भरवसा कोणी द्यावा?

नुसती सोळा मोजूनही भागत नाही. स्टिकरवर २आरएक्स८ (2Rx8) छापलेलं असेल तर घ्या. १आरएक्स८ (1Rx8) म्हणजे आठ चिपवाली. आणि "फक्त एएमडीसाठी" म्हणून ऑनलाइन स्वस्तात विकतात, तिच्यावरही चिप सोळाच दिसतात, पण त्या एक्स८ नव्हे, एक्स४ (x4) या वेगळ्या जातीच्या. इंटेलच्या बोर्डावर ती चालणार नाही, कितीही स्वस्त असो. आकड्याशेवटी आर असलेली, म्हणजे पीसी३-१०६००आर वगैरे, सर्व्हरची असते; तिला हातही लावू नका. चिपवर पत्र्याचं रंगीत आवरण असेल आणि स्टिकरही धड वाचता येत नसेल तर मी ती स्टिक घेतच नाही.

इंटेलच्याच नंतरच्या एच६१ चिपसेटच्या बोर्डाला हा त्रास नाही. तिथे ४ जीबीची आठ चिपवाली चालते, आणि ८ जीबीची सोळा चिपवालीही.

माझं ठाम मत: मशीनच घेऊन दुकानात जा आणि लावून, चालू करून मगच पैसे द्या. चिपळूण असो की लॅमिंग्टन रोड, जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका.

४. वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, स्टिक बसवा. दोन्ही क्लिप आपोआप मिटल्या पाहिजेत.

५. तरीही स्क्रीन काळीच? खाऱ्या दमट हवेने सोनेरी पट्ट्या काळवंडतात. जुनी-नवी दोन्ही स्टिक साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कचरा झटका. पॉलिशपेपर वापरणाऱ्याला मशीनजवळ येऊ देऊ नका, सोन्याचा मुलामा जातो. स्लॉटमध्ये फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा जातो. कोरडा ब्रश फिरवा. कुंभारमाशीचं घर किंवा मुंग्यांची माती निघाली तर नवल नाही.

मग एकेक स्टिक, एकेक स्लॉट असं तपासा. जुनी दोन्ही स्लॉटमध्ये चालते आणि नवी एकातही नाही, तर तिसरी पायरी पुन्हा वाचा. एका स्लॉटमध्ये दोन्ही चालतात आणि दुसऱ्यात एकही नाही, तर स्लॉट खराब. एकेकटी चालतात पण एकत्र नाही, तर जोडी जमत नाही. एकाच प्रकारच्या दोन घ्या.

६. मशीन सुरू झालं पण विंडोज ३.२५ जीबीच्या आसपास दाखवतंय? विंडोज ३२ बिटची आहे. ६४ बिटची टाका.

७. मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून रात्रभर लावून ठेवा, इन्व्हर्टर असेल तर त्यावर. लाल ओळ एक जरी आली तरी स्टिक दुकानदाराला परत.