पावसाच्या नोंदींच्या ब्लॉगला कॅलेंडर कसं लावायचं

देवरूखच्या अलीकडे आमचं घर आहे. मागच्या अंगणात, आंब्याच्या सावलीपासून लांब, पर्जन्यमापक बसवलेला आहे. बाबांनी १९८९ च्या जूनपासून त्यातलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजलं आणि वहीत लिहिलं. आता मी मोजते आणि वर्डप्रेसवर रोज एक छोटी नोंद टाकते: किती मिलिमीटर पडला, वारा कुठून होता, पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी किती चढलं. अशा ब्लॉगवर नुसती एकाखाली एक यादी असून भागत नाही. गेल्या वर्षी नागपंचमीला पाऊस होता का, हे बघायला येणाऱ्या माणसाला थेट तारखेवर बोट ठेवता आलं पाहिजे.

वर्डप्रेसमध्ये कॅलेंडरचा ब्लॉक, म्हणजे पानात ठेवायचा तयार तुकडा, २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून आहे, वेगळं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा प्रोग्राम, लागत नाही. आपण त्यात काहीच भरायचं नसतं. कुठल्या तारखांना पोस्ट प्रसिद्ध झाल्या आहेत हे तो स्वतः बघतो आणि तेवढ्या तारखा लिंक करतो. म्हणून तुमच्या पोस्टच्या तारखा जितक्या खऱ्या, तितकंच ते कॅलेंडर खरं. ब्लॉक बसवायला पाच मिनिटं लागतात, तारखांसाठी मात्र मला एक अख्खा पावसाळा लागला.

आधी सेटिंग्जमधल्या जनरलमध्ये जा. तिथे टाइमझोनच्या यादीत शहरांची नावं आहेत, त्यातून कोलकाता निवडा. ते यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, ठेवलं तर ब्लॉगचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालतं. माझं पहिल्या वर्षी तसंच राहिलं होतं आणि लक्षातही आलं नाही, कारण सकाळच्या नोंदी बरोबर पडत होत्या. आपले साडेआठ म्हणजे यूटीसीचे पहाटेचे तीन, तारीख तीच. मग जुलैत एका रात्री पऱ्या रस्त्यावर आला. रात्री दीड वाजता मी उठून लिहिलं, आणि ती नोंद आदल्या दिवसावर जाऊन बसली. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत लिहिलेलं सगळं असं एक दिवस मागे जातं.

टाइमझोन नंतर सुधारला तरी जुन्या पोस्ट आपोआप पुढे सरकत नाहीत. पोस्टच्या यादीत प्रत्येकीखाली क्विक एडिट असतं, तिथून एकेक तारीख हातानेच बदलावी लागते. म्हणून हे पहिल्याच दिवशी करा.

त्याच पानावर भाषा मराठी केली की महिन्यांची आणि वारांची नावं मराठीत येतात. आकडे मात्र इंग्रजीच राहतात. आठवडा कुठल्या वारापासून सुरू करायचा तेही तिथेच ठरतं. मी रविवार ठेवला, भिंतीवरच्या कॅलेंडरची डोळ्याला तीच सवय आहे.

आता ब्लॉक. डाव्या बाजूच्या अपिअरन्समध्ये विजेट्स दिसत असेल तर तुमची थीम, म्हणजे ब्लॉगच्या दिसण्याचा साचा, जुन्या पद्धतीची आहे. विजेट्समध्ये जाऊन साइडबार किंवा फूटर उघडा, अधिकच्या चिन्हावर टिचकी मारा, कॅलेंडर शोधा आणि अपडेट करा. विजेट्सऐवजी एडिटर दिसत असेल तर थीम ब्लॉकची आहे. तिथे होमचा टेम्प्लेट उघडून हवा तिथे तोच ब्लॉक टाका. निदान एक पोस्ट प्रसिद्ध झालेली हवी, नाहीतर ब्लॉक दिसतच नाही. तो फक्त पोस्ट मोजतो, पेज मोजत नाही.

साइडबारमध्ये ठेवण्याआधी एकदा फोनवर बघा. बहुतेक थीममध्ये फोनवर साइडबार सगळ्या मजकुराच्या खाली जातो, आणि माझे वाचक, म्हणजे वाडीतली आणि मुंबईला असलेली आमची माणसं, फोनवरच वाचतात. मी कॅलेंडर मुखपृष्ठावर सगळ्यात वर घेतलं. लिंक असलेली तारीख नुसत्या तारखेपेक्षा ठळक दिसत नसेल तर ब्लॉकच्या स्टाइलमध्ये रंग बदला. माझ्या आत्याला फिका निळा दिसत नव्हता, आता गडद आहे.

यापुढचा प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही, पण तो सोडवल्याशिवाय पावसाच्या ब्लॉगला कॅलेंडर लावू नये. पाऊस कुठल्या तारखेचा? सकाळी साडेआठला मोजलेलं पाणी आदल्या चोवीस तासांचं असतं. मुंबईतली २६ जुलै २००५ सगळ्यांना आठवते. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत. लोकांच्या आठवणीत तारीख २६ आणि मोजणीची तारीख २७. मी मोजणीची तारीख धरते, आणि कॅलेंडरच्या खाली एका ओळीत ते लिहून ठेवलं आहे. तुम्ही दुसरी पद्धत धरा हवी तर, पण एकच धरा आणि लिहून ठेवा.

हे कळलं ते बाबांच्या वह्या चढवताना. पोस्ट लिहिताना उजवीकडे प्रसिद्धीची तारीख असते. तिच्यावर टिचकी मारून मागची तारीख दिली की १९९४ ची नोंद १९९४ च्याच महिन्यात दिसते. पण सुरुवातीच्या वह्यांत बाबा पाऊस मोजणीच्या दिवशी लिहीत आणि पुढे कधीतरी आदल्या दिवसाच्या रकान्यात लिहू लागले. वही बदलली तिथे कॅलेंडरवर एका तारखेसाठी दोन आकडे आले तेव्हा हे उघड झालं. एका दिवसाच्या दोन पोस्ट चालतात, तारखेवर गेल्यावर दोन्ही दिसतात, त्यामुळेच चूक सापडली. त्या नंतरच्या वह्या मी आता एक दिवस पुढे सरकवून चढवते आणि प्रत्येक नोंदीत तसं नमूद करते.

दुसरं, कोरड्या दिवशीही पोस्ट टाका. लिंक नसलेल्या तारखेकडे बघून वाचकाला कळत नाही की पाऊस नव्हता की मी मोजला नाही. पाऊस नसेल तर मी 'निरंक' एवढाच शब्द टाकते. कोरी तारीख म्हणजे न मोजलेला दिवस, मी गावाला गेले होते किंवा आजारी होते. कॅलेंडरखालचे मागच्या-पुढच्या महिन्याचे दुवेही ज्या महिन्यांत पोस्ट आहेत त्यांवरच थांबतात. मार्च, एप्रिल, मे मी पूर्वी सोडत असे, तेव्हा जूनवरून मागे गेलं की एकदम फेब्रुवारी यायचा.

साइट वेगवान करणारं कॅशिंगचं प्लगइन असेल तर साठवलेलं पान दाखवलं जातं आणि कॅलेंडर कालच्याच दिवसावर अडकतं. त्या प्लगइनमध्ये पान साठवण्याची मुदत काही तासांचीच ठेवा.

ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेवर असा ब्लॉक नाही. तिथे लेआउटमध्ये अ‍ॅड अ गॅजेट करून ब्लॉग आर्काइव्ह लावता येतं, पण ती वर्ष-महिन्यांची यादी असते. पुढच्या कार्यक्रमांच्या तारखा दाखवायच्या असतील तर गूगल कॅलेंडरचा एम्बेड कोड एचटीएमएल-जावास्क्रिप्टच्या गॅजेटमध्ये चिकटवायचा. त्यासाठी नवं, वेगळं कॅलेंडर उघडा आणि तेवढंच सार्वजनिक करा. घरचं कॅलेंडर सार्वजनिक केलंत तर तुमच्या डॉक्टरांच्या वेळाही सगळ्यांना दिसतील.

सगळं झालं की एक चाचणी घ्या. रात्री बारा वाजून गेल्यावर एक ओळीची पोस्ट टाका, लॉगआउट करून फोनवर ब्लॉग उघडा आणि ती कुठल्या तारखेवर पडली ते बघा. बरोबर पडली असेल तर ती पुसून टाका आणि सकाळी साडेआठला मोजायला लागा.