संकटात सापडलेल्या अंतराळयानावर मालिकेचा भाग लिहिताना या चुका टाळा

दूरच्या ताऱ्याकडे निघालेले एक यान, त्यात पाच-सहा माणसे आणि अचानक ओढवलेले संकट, ही मांडणी विज्ञानमालिकेचा भाग लिहू पाहणाऱ्या प्रत्येक नव्या लेखकाला मोहात पाडते, आणि तिच्यात मोह पडण्यासारखे पुष्कळ आहे. जागा बंदिस्त असते, पात्रे मोजकी असतात, बाहेर पडायला वाट नसते. एकांकिका पाहत वाढलेल्या मराठी लेखकाला हे सारे ओळखीचेच वाटते. इंदूरला आमच्या राजेंद्रनगर भागात लिहिणारी तरुण मंडळी संहिता वाचून दाखवण्यासाठी जमतात, तेव्हा त्यांत अशी एखादी यानकथा हमखास असते. दुर्दैवाने त्याच त्या चुकाही हमखास असतात. त्यांतील बहुतेक एकाच मुळातून निघतात, म्हणून ते मूळ आधी सांगतो: लेखकाने संकट ठरवलेले असते, पण मोजलेले नसते.

संहितेत लिहिलेले असते की जोराचा हादरा बसतो, लाल दिवे लागतात, भोंगा वाजतो आणि कप्तान ओरडतो, ‘आपल्याकडे वेळ फार कमी आहे!’ कशासाठी कमी आहे, किती कमी आहे, नेमके काय बिघडले आहे, बिघडलेला भाग यानात कुठे आहे आणि तिथवर पोहोचायला कोणाला किती वेळ लागेल, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर लेखकाजवळ नसते. ते नसल्यामुळे पात्रांना करण्यासारखे काही उरत नाही आणि ती बोलत सुटतात.

अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मुलाने मागे असाच एक भाग वाचून दाखवला होता. यानावर उल्का आदळते, भिंतीला छिद्र पडते, हवा बाहेर जाऊ लागते, आणि त्या परिस्थितीत कप्तान मानवजातीच्या भवितव्याविषयी दीड पान बोलतो. वाचन चांगले झाले, भाषाही स्वच्छ होती, पण खोलीत बसलेल्यांपैकी कोणालाही त्या माणसांची काळजी वाटली नाही. आमच्यात एक निवृत्त गृहस्थ येतात. इथल्या राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रात त्यांनी नोकरीची बरीच वर्षे निर्वात यंत्रणेवर काढली. इलेक्ट्रॉनांचा झोत तासन् तास फिरत राहावा म्हणून तिथल्या इंडस यंत्रांच्या नळ्यांमध्ये हवेचा जवळजवळ पूर्ण अभाव राखावा लागतो, त्यामुळे बारीकशी गळतीसुद्धा काय करते हे त्यांना हातच्या कामातून ठाऊक आहे. त्यांनी एवढेच विचारले, ‘अरे, भोक केवढं आहे?’ मुलगा म्हणाला, ‘काका, ते ठरवलं नाही.’ काका म्हणाले, ‘मग पुढचं सगळं कशावरून ठरवलंस?’

त्या संध्याकाळी उरलेल्या वेळात फळ्यावर हिशेबच झाला. दालनात 100 घनमीटर हवा आहे आणि छिद्र एक चौरस सेंटिमीटरचे, म्हणजे बोटाच्या नखाएवढे आहे असे धरले, तर आतला दाब निम्म्यावर यायला साधारण एक तास लागतो. निम्मा दाब म्हणजे सुमारे साडेपाच हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असते तशी हवा. माणसाला धाप लागते, डोके दुखते, निर्णय चुकू लागतात, पण तो हालचाल करू शकतो. छिद्र 10 सेंटिमीटर व्यासाचे असेल, तर हेच सारे पाऊण मिनिटात घडते. पहिल्या आकड्यातून शोधाची कथा निघते: सर्वांनी पंखे बंद करून गप्प राहायचे, कागदाचा कपटा हवेत सोडून तो कुठे ओढला जातो ते पाहायचे, कपाटे उचकटून भिंत उघडी करायची. दुसऱ्या आकड्यातून दाराची कथा निघते, म्हणजे कोण आत राहिला, कोण बाहेर आला आणि दार कोणी लावले. या दोन वेगळ्या कथा आहेत, आणि छिद्राचा आकार ठरवल्याशिवाय लेखकाला आपण कोणती लिहीत आहोत हेच कळत नाही. दीड पानांच्या भाषणाला मात्र दोन्हींत जागा नाही.

ज्यांना हा हिशेब रुक्ष वाटतो त्यांनी मीर या रशियन अंतराळस्थानकावरचा 25 जून 1997 चा अपघात एकदा नीट वाचावा. मालवाहू प्रोग्रेस यान हाताने चालवून जोडण्याची चाचणी चालू असताना ते स्पेक्त्र या दालनावर आदळले. वासिली त्सिब्लियेव, अलेक्सांद्र लाझुत्किन आणि मायकेल फोल या तिघांना दाब घटत असल्याचे कानांवरून जाणवले. गळके दालन वेगळे करण्यासाठी त्याचे दार लावणे एवढाच उपाय होता, पण त्या दारातून विजेच्या आणि इतर जोडण्यांच्या केबली ओढलेल्या होत्या, त्यामुळे दार लागेना. केबली एकेक करून सोडवाव्या लागल्या, काही कापाव्या लागल्या, तेव्हा कुठे ते दालन बंद करता आले. त्याच केबलींतून स्पेक्त्रच्या सौरपट्टांची वीज येत असल्यामुळे स्थानकाची निम्म्याच्या आसपास वीज गेली. पुढे स्थानक भरकटत फिरू लागले, आणि फोल यांनी खिडकीशी अंगठा धरून ताऱ्यांच्या सरकण्यावरून फिरण्याचा वेग अजमावला, तेव्हा जोडलेल्या सोयूझ यानाची इंजिने वापरून ते सावरता आले. एका संकटावरच्या उपायातून दुसरे संकट जन्मते, आणि दुसऱ्याचा उपाय हाताशी असलेल्या वस्तूंतूनच शोधावा लागतो. राजेंद्रनगरच्या त्या मुलाने भाग पुन्हा लिहिला, तेव्हा दारातून जाणारी केबल त्याने आजारी सहकाऱ्याच्या श्वसनयंत्राची केली. मग कप्तानाला बोलायला फुरसतच मिळाली नाही, आणि भाग उत्तम झाला.

माझी स्वतःची सवय अशी आहे की संवादाची पहिली ओळ लिहिण्याआधी जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागे यानाचा नकाशा काढायचा. दालने किती, दारे कुठे, कोणत्या दारातून काय ओढलेले आहे, झोपायच्या जागा कुठे, हवा शुद्ध करणारे यंत्र कुठे, हे सगळे त्यावर यायला हवे. त्याशेजारी हवा, पाणी, वीज आणि उष्णता असे चार रकाने आखून प्रत्येक दृश्याच्या शेवटी काय उरले ते भरत जायचे. ‘मला आधी शेवटचा प्रसंग लिहू द्या, नकाशा मागाहून काढतो,’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. नकाशा मागाहून कधीच निघत नाही, आणि तिसऱ्या पानावर डावीकडे असलेले इंजिन नवव्या पानावर छतात जाते.

दुसरी चूक मला याहूनही खटकते, कारण ती आळसातून येते. श्वासाचे संकट म्हटले की प्रत्येक जण ‘ऑक्सिजन संपत आला आहे’ असे लिहून मोकळा होतो. बंद यानात बहुतेक वेळा माणसाला आधी गाठतो तो त्याच्या स्वतःच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड. एका माणसाला दिवसाला सुमारे 0.84 किलो ऑक्सिजन लागतो आणि तो साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. तो शोषून घेणारी यंत्रणा थांबली, तर टाकीत ऑक्सिजन शिल्लक असतानाही माणसे गुंगीत जातात. एप्रिल 1970 मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो 13 वर हेच झाले. पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरहून अधिक अंतरावर ऑक्सिजनची एक टाकी फुटली, मुख्य यान निकामी झाले आणि लव्हेल, स्विगर्ट व हेस यांनी चंद्रावर उतरण्यासाठी जोडलेल्या, दोघांना दोनेक दिवस पुरेल अशा बेताने बांधलेल्या चांद्रयानाचा आसरा घेतला. तिथे ऑक्सिजन पुरेसा होता. कमी पडत होते ते कार्बन डायऑक्साइड शोषणारे लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे. मुख्य यानातले डबे चौकोनी होते, चांद्रयानातली जागा गोल डब्यांची होती. प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, पोशाखाची नळी आणि चिकटपट्टी यांतून जोडणी तयार करावी लागली, आणि तिची कृती पृथ्वीवरून तोंडी सांगण्यात आली. वीज वाचवण्यासाठी उपकरणे बंद केल्यामुळे आतले तापमान तीन-चार अंश सेल्सिअसपर्यंत उतरले, आणि प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला पेलाभर पाणी येऊ लागले.

यातला प्रत्येक तपशील एक दृश्य आहे. गुंगीत चाललेला माणूस आपण ठीक असल्याचे ठासून सांगतो, सोपी बेरीज चुकवतो, उगाच चिडतो. नटाला करण्यासारखे यात केवढे तरी आहे. गळा धरून तडफडणारे पात्र लिहिणे सोपे असते, म्हणून नवे लेखक तेच लिहितात.

आता काही चुका थोडक्यात. निर्वात अवकाशात सापडलेला माणूस क्षणात गोठत नाही आणि फुटतही नाही. ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात पोशाखाची नळी सुटलेला एक तंत्रज्ञ सुमारे 14 सेकंद शुद्धीवर होता आणि वाचला, तेव्हा तुमच्या पात्राला दहा-बारा सेकंद द्या, एक मिनिट देऊ नका. अंतराळपोशाख चढवून तडक बाहेर पडता येत नाही; पोशाखातला दाब कमी असल्यामुळे रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊ नयेत म्हणून आधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घ्यावा लागतो. मंगळाजवळून पृथ्वीशी बोलताना संदेश एका बाजूने पोहोचायलाच 3 ते 22 मिनिटे लागतात, त्यामुळे कप्तान आणि मुख्यालय यांचे भांडण रंगवू नका. लघुग्रहांचा पट्टा खच्चून भरलेला नसतो. पायोनियर 10 हे यान 1973 पर्यंत त्यातून सुखरूप पलीकडे गेले. इंजिन बंद पडले म्हणून यान थांबत नाही.

आग मात्र घाईने उरकण्यासारखी नाही. फेब्रुवारी 1997 मध्ये मीरवर ऑक्सिजन तयार करणाऱ्या नळकांड्याने पेट घेतला, तेव्हा स्थानकात सहा माणसे होती, परतीची सोयूझ याने दोन होती, प्रत्येकात तिघांचीच जागा होती, आणि त्यांतल्या एकाकडे जाणारी वाट आगीने अडवली होती. ही सहा, दोन आणि तीन एवढी तीन संख्यांची मांडणी कोणत्याही परग्रहवासी शत्रूपेक्षा अधिक ताण निर्माण करते, आणि तिच्यासाठी चित्रीकरणाला एक खोली व धूर पुरेसा आहे.

शेवटच्या पाच मिनिटांत अवतरणाऱ्या उपकरणाबद्दल मला कठोरपणे बोलावे लागेल. ‘क्वांटम कवच उलट्या ध्रुवावर चालवा’ असे कोणीतरी म्हणतो, पडदा उजळतो आणि यान वाचते. हा प्रेक्षकाचा विश्वासघात आहे, कारण तोवर तो मंडळींबरोबर प्रामाणिकपणे विचार करत असतो. ज्या वस्तूने सुटका होणार ती कथेच्या पहिल्या एक-तृतीयांशातच दुसऱ्याच कामासाठी पडद्यावर दिसली पाहिजे. संहिता हाती आली की मी आधी शेवटचे पान वाचतो, सोडवणूक करणारी वस्तू अधोरेखित करतो आणि मग ती मागे कुठे आली ते शोधतो. सापडली नाही, तर मधली पाने वाचण्याआधीच लेखकाशी बोलतो.

संवादांचेही तसेच आहे. जीव धोक्यात असताना शिकलेली माणसे याद्या वाचतात, आकडे सांगतात आणि ऐकलेला आकडा परत उच्चारून पक्का करतात. ‘दाब?’, ‘सहाशे दहा, उतरतोय’, ‘सहाशे दहा’ एवढ्यात भीती पोहोचते. डॉक्टरीणबाईंना कप्तान ‘ताई’ म्हणत असेल, तर भोंगा वाजल्यावर तो एकाएकी परदेशी मालिकेच्या अनुवादातल्यासारखा बोलू लागणार नाही.

राहिली शेवटाची चूक. भाग संपताना सारे पूर्ववत होते, भिंत दुरुस्त, दिवे पांढरे, सगळे हसत उभे. मीरवरचे स्पेक्त्र पुन्हा कधीच हवेने भरता आले नाही. फोल तिथे झोपत असत, त्यांचे खासगी सामानही आतच अडकले, आणि 23 मार्च 2001 रोजी स्थानक पॅसिफिक महासागरात उतरवले गेले तेव्हाही ते दालन बंदच होते. तुमच्या यानानेही एखादे दालन, निम्मी वीज किंवा एखादा माणूस गमावलेला असू द्या, आणि पुढच्या भागाच्या नकाशावर ते दालन काळे करून मगच लिहायला बसा.