खानदेशात बेस गिटार घेताना: नव्या-जुन्या बेसची पारख कशी करावी

हळदीच्या रात्रीच्या ऑर्केस्ट्रात बेसचं, म्हणजे खालच्या जाड स्वरांचं काम आपल्याकडे बहुतेक वेळा कीबोर्डवाल्याचा डावा हात सांभाळतो. त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या वाद्यांच्या दुकानांत हार्मोनियम, ढोलकी, साधी गिटार हवी तेवढी दिसते, पण भिंतीवर टांगलेला बेस क्वचितच. मग तीन वाटा उरतात. दुकानदाराला सांगून मुंबईहून मागवायचा, ऑनलाइन घ्यायचा, किंवा कोणाचा तरी जुना घ्यायचा. जुना म्हणजे मोडलेल्या ऑर्केस्ट्रातला, नवापूरकडच्या एखाद्या चर्चमधला, नाहीतर पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाने हौसेने घेतलेला आणि आता माळ्यावर पडलेला.

या तिन्ही वाटांनी आलेल्या बेसला एकच प्रश्न विचारायचा: हा बिघडला तर इथे दुरुस्त होईल का? जॅक सैल झाला, नॉब खरखरतो, वायर तुटली, तर चोपड्यात किंवा शिरपुरात टीव्ही-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा कोणीही चांगला कारागीर सोल्डरिंग करून देतो. खुंटी बदलता येते, बॉडीवर तारा जिथे अडकवतात तो ब्रिज बदलता येतो. पण नेक (तारांखालचा लांब दांडा) पिळला असेल किंवा फ्रेट (त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) उठले असतील, तर ते काम जाणणाऱ्या माणसासाठी मुंबई-पुणं गाठावं लागतं. म्हणून इथे बेस घेताना सगळ्यात जास्त वेळ नेकवर घालवायचा. रंग, कंपनी, पिकअप (तारांचा कंप टिपणारा चुंबकी भाग) हे सगळं त्यानंतर.

आधी हे ठरवा

पहिला बेस चार तारांचा घ्या. जाड तारेकडून मोजलं तर त्या ई, ए, डी, जी अशा लागतात. सगळ्यात खालचा ई सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. पाच तारांच्या बेसवर त्याखाली बी येतो, तो ३१ हर्ट्झच्या आसपास. मांडवातल्या बऱ्याच स्पीकरना तो स्वर नीट पेलतच नाही, आणि नवशिक्याच्या डाव्या हाताला रुंद नेकचा त्रास होतो तो वेगळाच.

लांबी दोन प्रकारची मिळते. नट (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज ३४ इंच ही नेहमीची, आणि ३० इंच ही आखूड. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी घेत असाल तर आखूड घ्या, मोठ्या माणसाने ३४ इंचीच घ्यावा.

दुकानात ‘पी’ आणि ‘जे’ असे दोन शब्द हमखास कानावर येतील. पी म्हणजे प्रिसिजन. लिओ फेंडरने तो १९५१ साली बाजारात आणला आणि इलेक्ट्रिक बेसचा साचाच ठरून गेला. जे म्हणजे जॅझ, तो १९६० चा. आज बरेचसे बेस या दोघांपैकी एकाच्या वळणावर जातात. पीचा नेक नटापाशी साधारण ४१ मिलिमीटर रुंद, जेचा ३८. तीन मिलिमीटरचा फरक वाचताना किरकोळ वाटतो, हाताला लगेच कळतो. पीचा आवाज भरदार आणि सरळ, ढोलकी-संबळाच्या गजरातही तो हरवत नाही. जेला दोन पिकअप असल्याने आवाजात जास्त छटा काढता येतात. अहिराणी गाण्यांच्या ठेक्यावर वाजवायचं असेल तर मी पीच्या बाजूने आहे.

अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह? अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल खोचलेली राहिली की ती संपत राहते. काही बेस बॅटरी संपली की पूर्ण मुके होतात. पहिल्या बेसला बिनबॅटरीचा पॅसिव्हच बरा, त्यात बिघडण्यासारखं कमी असतं.

यामाहाची टीआरबीएक्स मालिका, आयबानेझची जीएसआर, कोर्ट, आणि फेंडरचाच स्वस्त ब्रँड असलेला स्क्वायर, या नावांमधला प्राथमिक बेस नवा घ्यायला गेलं तर साधारण १५ ते २५ हजारांच्या पट्ट्यात बसतो. अ‍ॅम्प्लिफायर, बॅग, पट्टा असं सगळं एकत्र देणाऱ्या अगदी स्वस्त संचाच्या नादी लागू नका. त्यातला अ‍ॅम्प सहसा इतका लहान असतो की बेसचा खालचा स्वर त्यातून ऐकूच येत नाही, आणि मग मुलाला वाटतं आपलंच बोट कमी पडतंय.

जुना बेस पाहायला जाण्याआधी

फोनवरच फोटो मागवा: हेडस्टॉकची (खुंट्या असतात ते टोक) पुढची-मागची बाजू, नेक जिथे बॉडीला जोडलेला असतो तो सांधा, ब्रिज, आणि ट्रस रॉडचा नट. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या पोटातून जाणारी लोखंडी सळई, तारांच्या ओढीला तीच तोल देते. शिवाय प्रत्येक तार पहिल्या फ्रेटपासून शेवटच्या फ्रेटपर्यंत वाजवल्याचा व्हिडिओ मागा. तो इअरफोन लावून ऐका, कारण मोबाईलच्या स्पीकरमधून बेसचा खालचा भाग येतच नाही. नुसतं ‘टकाटक शे भो’ म्हणून फोन ठेवणाऱ्याकडे जायला एसटीचं तिकीट काढू नका.

जाताना सोबत चालू असलेली केबल, मोबाईलवर ट्यूनरचं अ‍ॅप, छोटी बॅटरी (टॉर्च) आणि फिलर गेज न्या. मोटारसायकलचं टॅपेट सेट करायला गॅरेजवाला वापरतो तोच फिलर गेज. तो नसेल तर खिशात एक व्हिजिटिंग कार्ड असू द्या.

नेक बघायची रीत

सारंगखेड्याच्या यात्रेत जाणता माणूस घोड्याचा साज बघत बसत नाही, आधी त्याला चालवून बघतो. बेसचंही तसंच. हातात घेतल्याबरोबर तो स्वरात लावा. सैल तारांवर नेक सरळच दिसेल, त्याचा खरा बाक तारा ताणल्यावरच कळतो.

आता हेडस्टॉक डोळ्याजवळ धरा आणि नेकच्या कडेवरून ब्रिजच्या दिशेने नजर टाका. दोन्ही कडा एकसारख्या हलक्या खोलगट दिसल्या पाहिजेत. एक कड सरळ आणि दुसरी वाकलेली दिसली तर नेक पिळला आहे. मग किंमत कितीही उतरू द्या, तो बेस परत द्या. ट्रस रॉडने पीळ निघत नाही.

कडा बरोबर असतील तर मोजमाप करा. एका हाताने जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबा, दुसऱ्या हाताने नेक बॉडीला मिळतो तिथे दाबा. ताणलेली तार हीच आपली फूटपट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात ०.३ ते ०.४ मिलिमीटरची फट हवी. व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकलं म्हणजे ठीक. फट मुळीच नसेल तर नेक मागे झुकला आहे, वाढून एक मिलिमीटरपर्यंत गेली असेल तर पुढे वाकला आहे. या दोन्ही गोष्टी ट्रस रॉडने सुधारतात, पण रॉड चालू असेल तरच.

म्हणून मालकाची परवानगी घेऊन रॉड तपासा, आणि योग्य मापाच्या किल्लीनेच. आधी पाव फेरा डावीकडे सोडा, मग तेवढाच उजवीकडे घट्ट करा. नटाला विरोध जाणवला पाहिजे आणि तो फिरला पाहिजे. नटाची टोकं घासून गोल झालेली असतील, किंवा नट पूर्ण आवळलेला असूनही नेक पुढे वाकलेलाच असेल, तर त्या रॉडमध्ये आता काही उरलं नाही. मालक हातच लावू देत नसेल, तर तो नट फिरत नाही असंच धरून चाला.

हे सगळं आपल्याकडे जास्त महत्त्वाचं ठरतं ते हवेमुळे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठक्क होते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तेच लाकूड दमट हवेत फुगतं. वर्षातून दोनदा तरी नेकची चाल बदलणार. रॉड चालू असलेला बेस दहा मिनिटांत ताळ्यावर येतो, रॉड गेलेला दर ऋतूत रडवतो. उन्हाळ्यात नेकच्या कडेवरून तळहात फिरवून बघा. लाकूड आकसल्यामुळे फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोचतात. नव्या बेसलाही हे होतं. थोडं बोचत असेल तर घासून घेता येतं, पण दुकानात असतानाच ते काम करून मागा.

एकेक स्वर ऐका

वीस फ्रेट आणि चार तारा म्हणजे ऐंशी जागा. ऐंशीच्या ऐंशी वाजवा. कोणाला कंटाळा आला तर येऊ द्या, पैसे तुमचे जाणार आहेत. एका ठिकाणी खर्रर्र आवाज आला तर पुढचा फ्रेट वर आला आहे किंवा दाबलेला फ्रेट झिजला आहे. सगळ्या नेकवर थोडी खरखर येत असेल तर तो बहुधा सेटअपचा, म्हणजे तारांची उंची आणि नेकचा बाक जुळवण्याचा दोष, सुधारण्यासारखा. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची दोन-अडीच मिलिमीटरच्या आसपास असली की बोटाला बरी.

‘जी’ तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एखादा स्वर बाकीच्यांपेक्षा लवकर विझतो असं वाटेल. स्क्रूने जोडलेल्या लाकडी नेकवर हे बऱ्याचदा असतं, महागड्या बेसवरसुद्धा. तेवढ्यावरून नाकारू नका.

मग बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक, म्हणजे घंटेसारखा स्वच्छ स्वर काढा आणि लगेच तीच जागा दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही सारखे यायला हवेत. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे घ्यावं लागतं, उतरता असेल तर पुढे. सॅडल आधीच टोकाला गेलेलं असेल तरच काळजी. आणि तारा जुनाट, गंजलेल्या असतील तर या चाचणीवर फार भिस्त ठेवू नका, त्या खोटं सांगतात.

केबल लावल्यावर

प्रत्येक नॉब शून्यापासून पूर्ण फिरवा. खरखर आली तर स्प्रेने किंवा नॉबखालचा पॉट बदलून जाते, त्यासाठी थोडा भाव पाडा. जॅक हलवून आवाज तुटतो का बघा.

गुणगुण कशी ओळखायची ते नीट समजून घ्या, कारण याच कारणावरून लोक चांगला बेस सोडतात. ‘जे’ बेसवर एकच पिकअप चालू असेल तर थोडी गुणगुण येणारच, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की ती बहुतेक बेसवर दबते. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर अर्थिंग बरोबर आहे. हात लावून काहीच फरक पडला नाही तर ब्रिजखालची वायर सुटलेली असू शकते, ती जोडता येते. मात्र बेसला दोष देण्याआधी दुसऱ्या खोलीतल्या तीन पिनच्या सॉकेटवर लावून बघा. आपल्याकडच्या जुन्या घरांत अर्थिंगच नसतं. जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात तर हा जीवाचा प्रश्न आहे. बेसच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, आणि माइकला ओठ लागला की झटका बसू शकतो. तिथे वाजवण्याआधी माइकच्या जाळीला टेस्टर लावण्याची सवय आतापासूनच लावून घ्या.

लाकूड, वजन, नाव

नेक आणि बॉडीच्या सांध्यात तडा, नटामागे हेडस्टॉकवर बारीक रेघ, ब्रिज उचललेला, यातलं काहीही दिसलं तर घेऊ नका. बॉडीवरचे ओरखडे, उडालेला रंग यांनी आवाज बिघडत नाही. उलट भाव करायला ते कामी येतात.

पट्टा लावून दहा मिनिटं उभे राहा. साडेतीन ते चार किलोचा बेस रात्रभर खांद्यावर राहतो, साडेचार किलोच्या पुढचा मात्र पहाटेपर्यंत मान आखडवतो. हात सोडल्यावर हेडस्टॉक जमिनीकडे झुकत असेल, तर डावा हात वाजवायचं सोडून नेकच उचलत बसेल.

मोठ्या कंपनीचं नाव हेडस्टॉकवर आणि भाव मोबाईलच्या कव्हरासारखा, असं दिसलं तर आधी अनुक्रमांक तपासा. फेंडरच्या संकेतस्थळावर तो घालून पाहता येतो. नक्कल वाजतेही कधी कधी, पण तिला नकलेचाच भाव द्यायचा.

भाव आणि आणणं

त्याच मॉडेलचा आजचा नवा भाव काढा. सुस्थितीतल्या जुन्या बेसला निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत द्यायला माझी हरकत नाही, त्यापुढे नवाच घ्यावा. त्यातून नव्या तारांच्या संचाची किंमत वजा करा, जुन्या तारा बदलाव्याच लागतात. मूळ बिल मिळालं तर घ्या. नसेल तर साध्या कागदावर मॉडेल, अनुक्रमांक, तारीख आणि दोघांच्या सह्या, एवढं तरी करा.

नवा घ्यायला स्वतः जायचं असेल तर भुसावळहून मुंबईला गाड्या भरपूर आहेत, आणि धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या जुन्या दुकानात एकाच जागी पाच-सहा बेस हातात घेऊन बघता येतात. नंदुरबारकरांना ताप्ती लाईनने सुरत जवळ पडतं. ऑनलाइन मागवलात तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा, परत करायची मुदत आधी वाचून ठेवा, आणि कुरिअरमधून आलेला बेस एक दिवस घराच्या हवेत ठेवून मगच वरच्या सगळ्या चाचण्या करा.

गाडीत आणताना तो वरच्या बर्थवर आडवा, जाड बॅगेत ठेवा. तारा अर्धा-एक स्वर उतरवल्या तरी पुरे, पूर्ण सोडू नका. आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या चारचाकीत तो जेवायला थांबण्याइतका वेळही ठेवू नका, सोबत हॉटेलात घेऊन जा.