सुया चार, बाटली एक

एमएसडब्ल्यू करून नशेची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांसोबत सांगली-मिरजेत काम करायचं म्हणणाऱ्यांचे मला अधूनमधून फोन येतात. टीआय (एचआयव्ही रोखायचा प्रकल्प, त्यातच आम्ही कोऱ्या सुया वाटतो), ओएसटी (नशेऐवजी औषध देऊन उपचार), आयसीटीसी (एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्र) तुम्हाला माहीत असतं. मी जिथं फसले तेवढं सांगते.

पहिल्या वर्षी माझं रजिस्टर चोख होतं. सिरिंज किती दिल्या, किती परत आल्या, सगळा हिशोब जुळायचा. शंभर फुटी रोडच्या मागं एका अर्धवट बांधकामावर चार पोरं बसायची. प्रत्येकाच्या हातात नवी सिरिंज देऊन मी निर्धास्त घरी जायचे. मग त्यातल्या दोघांचा हिपॅटायटिस सीचा, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या आजाराचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. "ताई, आम्ही दुसऱ्याची सुई कधीच घेत नाही, आईशपथ," धाकटा रडत म्हणाला. तो खरंच बोलत होता.

आमच्या पीअरनं, म्हणजे या पोरांतूनच आलेल्या कार्यकर्त्यानं, एका संध्याकाळी मला तिथं नेलं आणि नुसतं बघा म्हणाला. विटेवर मेफेंटरमीन या इंजेक्शनची 10 मिलीची बाटली, रबरी बुचाची. पहिल्यानं सुई खुपसून भरलं, मारलं. थोड्या वेळानं तीच सुई पुन्हा बुचात. मग दुसरा, मग तिसरा. सुया चार, बाटली एक. सुईच्या टोकाला राहिलेलं रक्त बाटलीत उतरतं आणि औषध मात्र पाण्यासारखं स्वच्छ दिसत राहतं. हिपॅटायटिस सीचा विषाणू सिरिंजमध्ये कित्येक आठवडे टिकू शकतो. पावडर विरघळवून घेणाऱ्यांत हेच सगळ्यांच्या एकाच पाण्यातून, विरघळवायच्या झाकणातून, गाळायच्या कापसातून होतं. म्हणून "सुई कुणाची?" एवढं विचारून उठू नका, "भरलं कशातून?" हेही विचारा. आधी सगळ्यांनी कोऱ्या सुईनं आपापलं भरून घ्यायचं, वापरलेली सुई परत बाटलीत घालायची नाही. दुसऱ्यांदा घ्यायचं तर दुसरी सुई. म्हणजे माणशी एक सिरिंज देऊन भागत नाही. हे मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. माझं मत विचाराल तर तीन दिवस हॉलमध्ये बसण्यापेक्षा महिनाभर पीअरच्या मागं फिरा. तोच तुमचा गुरू. आणि टपरीवर बसून रजिस्टर भरायचं असेल तर या कामात येऊच नका.

पुढचं काम आणखी अवघड होणार आहे. आपली सगळी मांडणी ब्राऊन शुगर आणि तसल्या नशेभोवती झाली. त्याला जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिन आहे, ओव्हरडोसला नॅलोक्सोन आहे. आपल्या भागात आता एमडी, म्हणजे मेफेड्रोन आहे. 2024 मध्ये कुपवाडला साठा सापडला, इरळीला तर कारखानाच. दुसरीकडे मेफेंटरमीन, ऑपरेशनच्या वेळी उतरलेलं बीपी वर आणायचं औषध, जिममधल्या पोरांच्या हातात आलंय. या दोन्हींवर ओएसटी चालत नाही, नॅलोक्सोनही नाही. छातीत दुखलं, धडधड थांबेना, तर 108 लावायचा आणि सिव्हिलला काय घेतलंय ते खरं सांगायचं. बाकी आपल्या हातात कोऱ्या सुया, तपासणी आणि त्या पोराचा आपल्यावरचा विश्वास.

पोलिसांची भीती वाटेल. मलाही वाटायची. 2017 च्या एचआयव्ही कायद्याचं कलम 22 वाचून ठेवा, सुया देणं हा त्यात गुन्हा नाही. ओळखपत्र गळ्यात ठेवा. पहिले दोन महिने कुणी धड बोलणार नाही. त्यानं खचू नका, एक दिवस कुणीतरी आपण होऊन हाक मारतं.

हिपॅटायटिस सीवर आज सरकारी योजनेत फुकट गोळ्या आहेत, बहुतेकांना 12 आठवडे. बरा झाला तरी तो पुन्हा होऊ शकतो, हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगा. धाकट्याच्या गोळ्या दिवाळीआधी संपल्या. नशा सुटलेली नाही, पण आता तो सिरिंज मोजून मागतो, बाटलीमागे किती लागतील ते सांगून. गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू उरलाय का ते बघायची तपासणी करतात. ती तारीख मी माझ्या डायरीत लिहून ठेवली आहे.